लाल पाणी कुठे अडवायचं: गोव्याच्या खाणींवरचं पाण्याचं काम

पहिल्या पावसात डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे तालुक्यांतले व्हाळ, म्हणजे ओढे, लाल होतात. त्यातला काही लाल रंग जमिनीचाच असतो. जांभ्या दगडाच्या मुलखात, जिथे कधी कुदळही लागलेली नाही अशा रानातला ओहोळसुद्धा सुरुवातीच्या सरींना गढूळ वाहतो. फरक नंतर कळतो. रानातलं पाणी पाऊस उघडला की काही तासांत निवळतं. डंपाखालून, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाखालून, येणारं पाणी दुसऱ्या दिवशीही तांबूसच राहतं, कारण त्यातला बारीक कण खाली बसतच नाही. खाणीवरच्या पाणी तज्ज्ञाचं गोव्यातलं बहुतेक काम याच कणाभोवती फिरतं, म्हणून इथे त्याचाच माग काढू.

कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीवर काम केलेला माणूस इथे आला की आधी पीएच आणि जड धातू तपासायला लागतो. तिकडे ते योग्यच असतं. तिथल्या खडकात पायराइटसारखी गंधकाची खनिजं असतात, त्यांना हवा आणि पाणी मिळालं की आम्ल तयार होतं आणि त्या आम्लात धातू विरघळतात. गोव्याचं लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइट आणि गोथाइट, म्हणजे आधीच ऑक्सिजनशी संयोग झालेलं. गंधक नगण्य. त्यामुळे आम्लाचा प्रश्न इथे सहसा येत नाही. येतो तो मातीचा. वर जांभ्याचं कवच, त्याखाली आणि खनिजाच्या आजूबाजूला पांढरी, पिवळी, गुलाबी, फिलाइट या खडकाची चिकणमाती, कुठे मँगनीज असलेली काळपट माती. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन असा माल बाजूला टाकावा लागतो, आणि त्याचेच डंप होतात.

खाण चालू आहे की बंद, याने डंपाला फरक पडत नाही. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 लीझांचं (खाणपट्ट्यांचं) दुसरं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून काम थांबलं. पुढे लिलाव होऊन काही ब्लॉक पुन्हा सुरू झाले. मधल्या सगळ्या पावसाळ्यांत डंप मात्र तिथेच उभे होते आणि माती खाली येतच होती. बंद खाणीवर गटारं साफ करायला माणूस नसतो, म्हणून काही ठिकाणी चालू खाणीपेक्षा बंद खाणीखालचा व्हाळ जास्त लाल दिसतो.

सेटलिंग पाँडचं गणित

खाणीवर पाण्याची तक्रार आली की पहिलं उत्तर ठरलेलं: आणखी एक सेटलिंग पाँड, म्हणजे गाळ तळाला बसवायचं तळं, खणूया. हे उत्तर किती पुरेसं आहे ते आधी कागदावर तपासावं.

साधारण 27 अंशांच्या संथ पाण्यात 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण तासाला सुमारे 38 सेंटिमीटर खाली जातो. 2 मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम दीड सेंटिमीटर. व्यास पाचपट कमी झाला की वेग पंचवीसपट कमी होतो. दोन मीटर खोल पाँडात पहिला कण साधारण सव्वापाच तासांत तळाला लागतो. दुसऱ्याला साडेपाच दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर.

आता पाऊस धरा. डंप, रस्ते आणि उघडी जमीन मिळून 50 हेक्टरचं पाणलोट क्षेत्र. जुलैत तासाला 50 मिलिमीटरची सर ही इथे नवलाची गोष्ट नाही. त्यातलं 60 टक्के पाणी वाहून आलं तर तासाला 15,000 घनमीटर होतं, म्हणजे सेकंदाला चार घनमीटरहून थोडं जास्त. पाँडात कण बसणार की नाही हे खोलीपेक्षा पाण्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतं. 10 मायक्रॉनपर्यंतचे कण बसवायचे तर 15,000 भागिले 0.38, म्हणजे जवळजवळ चार हेक्टरचा पाँड हवा. 2 मायक्रॉनपर्यंत जायचं तर शंभर हेक्टर. पाणलोटच पन्नास हेक्टरचं आहे! शिवाय पोर्तुगीज काळातल्या कन्सेशनांपासून (खाणीच्या परवान्यांपासून) आलेल्या इथल्या बहुतेक लीझ शंभर हेक्टरच्या आतल्या आहेत.

याचा अर्थ पाँड निरुपयोगी आहे असा नाही. वाळू आणि गाळवट कण तो अडवतो, आणि तेवढ्यानेही व्हाळाचं पात्र भरून येणं बरंच कमी होतं. पण चिकणमाती एकदा पाण्यात उतरली की पाँड तिला परत आणू शकत नाही. ती पाण्यात उतरण्याआधी, म्हणजे डंपावरच अडवावी लागते, आणि ते काम एप्रिल-मे महिन्यांत होतं. जूनपासून आपण बहुतेक मोजत असतो, सुधारत नसतो.

डंपावर काय पाहायचं

सगळ्यात आधी स्वच्छ आणि गढूळ पाणी वेगळं करायचं. डंपाच्या वरच्या अंगाला डोंगर असेल तर तिथलं पाणी डंपावर येऊच द्यायचं नाही, वरून चर काढून ते बाजूने थेट व्हाळात सोडायचं. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. चर नसला की डोंगराचं स्वच्छ पाणी डंपाची माती धुऊन काढतं आणि पाँडात येणाऱ्या पाण्याचं प्रमाणही वाढवतं.

डंपाचा एकूण उतार 28 अंशांपेक्षा जास्त नसावा. प्रत्येक पायरीला, म्हणजे बेंचला, आतल्या बाजूला हलका उतार हवा, म्हणजे पाणी बाहेरच्या कडेवरून न सांडता आतल्या गटाराकडे जातं आणि तिथून दगडी पाटाने खाली उतरतं. चूक होते ती अशी की नवीन भराव एक-दोन पावसाळ्यांत दबतो, आणि बाहेरची कड जास्त दबली की बेंच उलटा, बाहेर कलतो. आराखड्यात उतार बरोबर असतो, जागेवर नसतो. हे तपासायला लेव्हल मशीन लागतंच असं नाही. मे महिन्यात एखादी वळवाची सर पडली की लगेच डंपावर चढावं आणि डबकी कुठे साचली आहेत ते पाहावं. आतल्या बाजूला, गटाराच्या जवळ साचली असतील तर ठीक. बाहेरच्या कडेला ओळीने साचलेली दिसली तर जुलैत घळ तिथेच पडणार. एकदा घळ पडली की ती एकटी उरलेल्या सगळ्या उतारापेक्षा जास्त माती खाली आणते. म्हणून अशा जागी डोझरने बेंच पुन्हा आत कलवायचा, कडेला अर्धा मीटर उंचीचा मातीचा बांध घालायचा आणि पाणी उतरायचा पाट चिऱ्यांनी किंवा मोठ्या दगडांनी बांधून घ्यायचा. नुसत्या मातीतला पाट म्हणजे आपण हाताने काढून दिलेली घळच.

डंपाच्या पायथ्याची चिऱ्यांची भिंत दोन प्रकारे बिघडते. कुणी ती सिमेंटने पक्की बांधतं आणि पाणी निघायला भोकं ठेवत नाही. मग मागे पाणी दाटतं, भिंतीला पोट येतं आणि ऐन पावसात ती बसते. कुणी भोकं ठेवतं, पण मागे गाळणी घालत नाही. मग भिंत उभी राहते आणि भोकांतून लाल पाणी वाहत राहतं. भिंतीच्या मागे खडीचा थर आणि त्यामागे काथ्याची जाड चटई किंवा जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), हे दोन्ही लागतं. चटई गाळाने भरते, म्हणून तिची जागा दर वर्षी तपासावी.

झाडं लावण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गोव्यातल्या जुन्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया भरपूर दिसतो. तो पटकन वाढतो आणि लांबून डंप हिरवा दिसतो. पण माती धरायचं काम पहिल्या वर्षी झाड करत नाही, गवत करतं. जमिनीला चिकटून असलेलं आच्छादन थेंबाचा मारा झेलतं. दहा मीटर उंचीवरची पानं नाही. म्हणून मेअखेर उघड्या उतारावर काथ्याची जाळी अंथरावी, तिच्यात स्थानिक गवताचं बी टाकावं आणि समपातळीत वाळ्याच्या ओळी लावाव्यात. रोपांमध्ये 10 ते 15 सेंटिमीटर अंतर, आणि ओळींमध्ये उंचीच्या मापाने एक ते दोन मीटर. झाडं त्याच्या जोडीला लावा, त्याच्याऐवजी नको.

खाणीतले रस्ते तर हमखास विसरले जातात. टिपरच्या चाकांखाली मातीची पूड होते, ती पहिल्या सरीला निघते, आणि रस्त्याकडेचं गटार बहुतेक वेळा पाँडाला न जाता सरळ व्हाळाला मिळालेलं असतं. पाणी कुठून लाल होतं आहे याचा शोध घेताना डंपाआधी या गटारांच्या तोंडाशी जावं.

पाँड बांधायचाच असेल तर लांबी रुंदीच्या किमान तिप्पट ठेवावी, पाणी आत येतं तिथे वेग मोडायला दगडी आडोसा घालावा, आणि बाहेर पडायची जागा एका पाइपाऐवजी रुंद सांडवा करावी. आत येणारं आणि बाहेर जाणारं तोंड जवळजवळ असेल तर पाणी सरळ रेषेत निघून जातं आणि उरलेला पाँड नुसता भरलेला राहतो. एक तृतीयांश खोली गाळाने भरली की उपसा करायचा. उपसलेला गाळ पाँडाच्याच काठावर टाकलेला अनेकदा दिसतो. पहिल्या मोठ्या सरीत तो जिथून काढला तिथे परत जातो.

तुरटीचा उपाय आणि तिची अट

चिकणमाती बसवायला तुरटी किंवा पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड वापरता येतं. पण गोव्याच्या पाण्यात एक अडचण आहे, जी दख्खनच्या पठारावरच्या पाण्यात इतकी जाणवत नाही. इथलं पाणी फार मऊ आहे, त्यात क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घ्यायची ताकद, कमी. 1 मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. पाण्यात लिटरमागे 20 मिलिग्रॅम क्षारता असेल तर 40 मिलिग्रॅम तुरटीत ती संपते. त्यापुढे पीएच घसरतो, गुठळी नीट बनत नाही आणि अॅल्युमिनियम विरघळलेल्या रूपात पाण्यात राहतं. पाणी निवळलं नाही म्हणून पंपावरचा माणूस आणखी तुरटी टाकतो, आणि काम आणखी बिघडतं.

म्हणून आधी जार टेस्ट. एकेक लिटरचे सहा जार घ्यायचे, प्रत्येकात वाढती मात्रा. एक मिनिट जोरात ढवळायचं, साधारण मिनिटाला 100 फेरे. मग 15 ते 20 मिनिटं सावकाश, मिनिटाला 30 फेऱ्यांच्या आसपास. मग अर्धा तास हात लावायचा नाही. प्रत्येक जारात वरच्या पाण्याचा गढूळपणा आणि पीएच दोन्ही लिहायचे. पीएच 6 च्या खाली जात असेल तर चुना जोडीला हवा, किंवा क्षारता कमी खाणारं पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड घ्यावं. सोबत गुठळ्या मोठ्या करणारं पॉलिमर वापरणार असाल तर ऋणभारित घ्या. धनभारित पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना बाधतं, आणि हे पाणी शेवटी व्हाळातच जाणार आहे. पाण्याचा गढूळपणा सरीगणिक बदलतो, त्यामुळे सोमवारी ठरलेली मात्रा गुरुवारी चालेलच असं नाही.

नमुना आणि आकडा

सोडलेल्या पाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मर्यादा अशा: तरंगते घन पदार्थ लिटरमागे 100 मिलिग्रॅम, लोह 3, मँगनीज 2, तेल आणि ग्रीस 10, पीएच 5.5 ते 9. खाणीला प्रत्यक्ष बांधील असते ती गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली अट, म्हणून आधी ते पत्र वाचावं.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. समजा वाहत येणाऱ्या मातीत 10 टक्के लोह आहे. तरंगते घन पदार्थ 100 मिलिग्रॅम असतील तर एकट्या मातीतूनच लोह 10 मिलिग्रॅम येतं, म्हणजे घन पदार्थ मर्यादेत आणि लोह मर्यादेच्या तिप्पट. लोह 3 वर ठेवायचं तर माती 30 मिलिग्रॅमच्या आत हवी. अहवालात घन पदार्थ जास्त आणि लोह नगण्य दिसलं तर प्रयोगशाळेने एकूण लोह मोजलं की गाळून मोजलं, हे विचारायलाच हवं.

विरघळलेलं लोह आणि मँगनीज मोजायचं तर नमुना जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचा आणि त्यानंतर नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणायचा. क्रम उलटा झाला तर आम्ल मातीतलं लोह सोडवतं आणि विरघळलेलं म्हणून खोटा आकडा येतो. क्रम बरोबर असूनही फसगत होऊ शकते, कारण अतिबारीक माती 0.45 मधूनही जाते. यावर साधा उपाय आहे. गाळलेल्या नमुन्यात अॅल्युमिनियमही मोजून घ्या. लोहाबरोबर तेही वाढलेलं असेल तर गाळणीतून माती गेली आहे, लोह विरघळलेलं नाही.

तरंगत्या घन पदार्थांच्या चाचणीत तीच अडचण दुसऱ्या बाजूने येते. काचतंतूच्या नेहमीच्या गाळण कागदाची छिद्रं एक मायक्रॉनहून थोडी मोठी असतात. गाळून आलेलं पाणी दुधाळ किंवा तांबूस दिसलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे, आणि तशी नोंद निकालाबरोबर हवी. बाटली प्रयोगशाळेत दोन दिवस उभी राहिली आणि न हलवता वरचं पाणी ओतून घेतलं, तरी आकडा हवा तसा कमी येतो. बाटली हलवा, लगेच ओता, आणि कागदावर किमान 2.5 व कमाल 200 मिलिग्रॅम माल उरेल इतकंच पाणी घ्या. फार गढूळ पाण्याचे 100 मिलिलिटरही पुरतात. कागद 103 ते 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा.

पीएच जागेवरच मोजायचा. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो वाटेत उडून जातो, आणि विहिरीवर 5.8 असलेलं पाणी प्रयोगशाळेत 6.8 दाखवतं. या पाण्यात क्षार कमी असल्याने मीटरचा आकडा स्थिरावायलाही वेळ लागतो. घाई करू नये. आणि पिण्याच्या पाण्याच्या मानकातल्या 6.5 पेक्षा पीएच कमी आला म्हणून लगेच खाणीला दोष देऊ नये. खाणीपासून लांबच्या विहिरीतही तो तसाच सापडतो.

तेल आणि ग्रीसचा नमुना वेगळ्या काचेच्या बाटलीत, पाण्याने न विसळता, थेट भरायचा. प्लास्टिकच्या बाटलीत तेल भिंतीला चिकटतं आणि निकाल कमी येतो. गॅरेजमागच्या गटारासाठी ही काळजी विशेष घ्यावी.

गोव्यात नमुन्याच्या जागेबद्दल आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मांडवी आणि झुआरीत भरतीचं पाणी खूप आतपर्यंत चढतं. त्यामुळे खनिज बार्जमध्ये भरतात त्या जेटीच्या आसपास "वरची बाजू" आणि "खालची बाजू" दिवसातून चार वेळा बदलते. भरतीच्या वेळी घेतलेल्या वरच्या बाजूच्या नमुन्यात जेटीचाच गाळ असू शकतो. ओहोटीच्या उत्तरार्धात नमुना घ्यावा, वेळ लिहावी आणि विद्युतवाहकता मोजावी, म्हणजे खारं पाणी किती मिसळलं आहे ते कळतं. खाऱ्या पाण्यात चिकणमातीच्या गुठळ्या होऊन ती आपोआप बसते, म्हणून मे महिन्यात नदी स्वच्छ दिसते. ती माती कुठे जात नाही. नदीच्या तळाला आणि मानशीतून (बांधाच्या दारातून) आत आलेल्या पाण्याबरोबर खाजनांत, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, बसते.

आणि प्रवाह मोजल्याशिवाय आकडा अर्धाच. छोट्या गटारावर 90 अंशांचा व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली आडवी फळी) बसवला आणि पाण्याची उंची 20 सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे 25 लिटर येतो. त्यात घन पदार्थ 100 मिलिग्रॅम धरले तर दिवसाला दोनशे किलोच्या वर माती गेली. आता आधीच्या 50 हेक्टरच्या उदाहरणात हेच 100 मिलिग्रॅम घाला: तासाला दीड टन. दोन्ही अहवालांत "मर्यादेत" असंच लिहिलेलं असेल. खाली ज्याचं भाताचं शेत आहे त्याला लिटरमागचे मिलिग्रॅम कळून उपयोग नाही, शेतावर किती टन आलं ते कळायला हवं. सरद (पावसाळी) शेतीच्या वेळी आलेला हा बारीक गाळ पृष्ठभागाची छिद्रं बुजवतो, सुकल्यावर त्याचा कडक थर होतो, पाणी मुरत नाही आणि रोपाच्या मुळाला हवा मिळत नाही.

पिट आणि विहिरी

20 हेक्टरच्या पिटवर, म्हणजे खाणीच्या खड्ड्यावर, मोसमात 3,000 मिलिमीटर पाऊस पडला तर आत थेट सहा लाख घनमीटर पाणी पडतं. भूजल त्याशिवाय वेगळं. चार महिन्यांत हे काढायचं तर दिवसाला 5,000 घनमीटर, अखंड. 200 मिलिमीटरच्या एकाच दिवशी मात्र 40,000 घनमीटर येतं, आणि तितका पंप कुणी ठेवत नाही. म्हणून सगळ्यात खालची बेंच पावसाळ्यात रिकामी सोडून तिथे पाणी साठू द्यायचं आणि वरचं निवळलेलं पाणी तराफ्यावरच्या पंपाने काढायचं. पंपाचं सक्शन (पाणी ओढणारं तोंड) तळाशी टाकलं की उपसलेलं पाणी म्हणजे चिखलच. पंप बंद पडून पुन्हा सुरू झाला की पहिली काही मिनिटं पाइपातला बसलेला गाळ बाहेर येतो, तेवढं पाणी वेगळ्या खड्ड्यात घ्यावं. वायंगण (हिवाळी) शेतीसाठी डिसेंबरपासून पिटचं पाणी देणार असाल तर ते एकाएकी सोडू नये, नाहीतर व्हाळातले बांध फुटतात.

जुन्या, खोल भरलेल्या पिटचं पाणी काठावरून बाटली बुडवून तपासू नये. वरचं पाणी निळं, स्वच्छ असतं. तळाशी ऑक्सिजन कमी असेल तर तिथे लोह आणि मँगनीज विरघळलेल्या रूपात असू शकतं. खोलीप्रमाणे नमुने घ्यावेत, जीवरक्षक जाकीट घालून आणि दोघांनी मिळून. मँगनीजकडे विशेष लक्ष हवं. लोह हवेत पिवळं पडून बसतं, मँगनीज मात्र इथल्या पीएचला सहजी बसत नाही आणि पाँडातून तसंच पुढे जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची स्वीकार्य मर्यादा 0.1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 0.3.

विहिरी आटण्याचा प्रश्न गुणवत्तेपेक्षा जास्त कडवट असतो. खाणपट्ट्यात सहसा दोन जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे थर, असतात, एक वरच्या जांभ्यातला, ज्यावर विहिरी, झरी आणि कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) जगतात. दुसरा खाली भुसभुशीत खनिजात. मध्ये चिकणमातीचा थर. पिटमधून उपसा होतो तो खालच्या जलधरातून. वरची विहीर आटते ती मुख्यतः पिटने जांभ्याचा थरच कापला आणि पाणी त्या कापातून निथळलं तर. दोन्ही वेगवेगळं मोजायचं तर पीझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या, त्याही वेगवेगळ्या हव्यात. एकच बोअर दोन्ही थरांतून नेऊन त्यात सलग जाळीचा पाइप बसवला तर आकडा कुठल्याच जलधराचा राहत नाही, वर त्या बोअरमधूनच वरचं पाणी खाली उतरायला लागतं. चिकणमातीच्या पातळीला बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या मातीचा) बूच हवाच.

विहिरीची पातळी कठड्यावर रंगाने खूण करून, त्याच खुणेपासून, सकाळी पंप लावण्याआधी घ्यावी. जांभ्यातली विहीर जुलैत काहीही झालं तरी भरते, त्यामुळे पावसाळ्यातली पातळी पाहून "परिणाम नाही" असं म्हणता येत नाही. पाहायचे ते फेब्रुवारी ते मे हे महिने, आणि तेही खाणीपासून लांबच्या, तशाच जांभ्यातल्या एखाद्या विहिरीशी ताडून. पिण्याच्या विहिरीत कोलिफॉर्मची (मैल्यातून येणाऱ्या जीवाणूंची) तपासणीही करून घ्यावी. उघड्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या घराला धातूंपेक्षा त्याचाच धोका बहुधा जवळचा असतो.

ग्रामसभेत पाण्याचा अहवाल आला की पंचायतीने या गोष्टी मागून घ्याव्यात: नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, त्या दिवसाचा आणि आदल्या दिवसाचा पाऊस, प्रवाहाचं मोजमाप, वरच्या बाजूचा नमुना कुठून घेतला त्याचं ठिकाण, लोह एकूण की गाळलेलं, आणि "आढळलं नाही" असं लिहिलं असेल तिथे प्रयोगशाळा किती कमी मोजू शकते तो आकडा. गाळलेलं लोह एकूण लोहापेक्षा जास्त दिसलं तर बाटल्यांची अदलाबदल झाली आहे किंवा नमुना दूषित झाला आहे. ती तपासणी पुन्हा करून मागावी. आणि सगळे नमुने कोरड्या दिवसांचे असतील, तर जुलैतल्या एका मोठ्या सरीच्या दरम्यान, सांडव्यावरून पाणी वाहत असताना, दर अर्ध्या तासाने घेतलेले नमुने लेखी मागावेत.